मालकी म्हणजे काय?

“जमीन माझ्या मालकीची आहे” असें आपण नित्य म्हणतों. परंतु मालकी म्हणजे काय, हें सांगणें वाटतें तितकें सोपें नाहीं. आम्हीं महसूल खात्यांत कारकुनी केली, असंख्य फेरफार लिहिले. तथापि हा प्रश्न आम्हांस सेवेंत असतांना पडला नाहीं. एकदां एक वृद्ध खातेदार सातबाराचा उतारा घेऊन आले व म्हणाले, “बाबूजी, नांव माझें एकट्याचें आहे, मग भाऊ हिस्सा कसा मागतो?” आम्हीं “वकिलाकडे जा” असें सांगून त्यांची बोळवण केली. उत्तर आम्हांसच ठाऊक नव्हतें, हें आज कबूल करतों.

तें उत्तर असें. सातबारा हा मुख्यतः महसुलासाठीं ठेवलेला दप्तर आहे. १९६६ च्या जमीन महसूल संहितेच्या कलम १५७ अन्वयें त्यांतील नोंद विरुद्ध सिद्ध होईपर्यंत खरी मानितात; पण नोंदीनें मालकी उत्पन्न होत नाहीं. ती वारसा, खरेदी, वाटणी, बक्षीस यांनीं येते. वडिलोपार्जित जमीन थोरल्या भावाच्या नांवें लागली, म्हणून धाकट्याचा हिस्सा बुडत नाहीं.

दुसरी गोष्ट, मालकी हा एकच हक्क नव्हे. कसणें, उत्पन्न घेणें, इतरांस मज्जाव करणें, वारसांस देणें, गहाण टाकणें, विकणें असे ते अनेक हक्क होत. आणि ते सदैव एकाच हातीं असतात असें नाहीं. भोगवटादार वर्ग २ जमीन कसतो, पण परवानगीवांचून विकूं शकत नाहीं. आपल्या चांदा भागांत १९५१ पर्यंत गांवाचा मालक मालगुजार होता. तरी सरपण, चराई यांचा निस्तार रयतेचा असे. मालगुजारी गेली, पण संहितेच्या कलम १६१ मध्यें निस्तारपत्रक व १६५ मध्यें वाजिब-उल-अर्ज अद्याप आहेत. आपल्या गांवचें निस्तारपत्रक किती वाचकांनीं पाहिलें आहे?

गडचिरोली जिल्ह्यांत धानोरा तालुक्यांतील मेंढा (लेखा) या गोंड गांवानें हा अभ्यास नेटानें केला. तेथें अभ्यासगटांत विषयाचा खल होतो व ग्रामसभा सर्वसहमतीनें निर्णय करते. २००६ च्या वनहक्क कायद्यान्वयें २००९ मध्यें या गांवास सुमारें १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. पुढें बांबूचा वाद उभा राहिला. १९२७ चा वनकायदा बांबूस झाड म्हणे, तर नवा कायदा त्यास गौण वनोपज ठरवी. अखेर एप्रिल २०११ मध्यें केंद्रीय मंत्री जयराम रमेश यांच्या उपस्थितींत बांबूच्या वाहतूक परवान्यांचें पुस्तक ग्रामसभेच्या हातीं आलें. एका शब्दाच्या व्याख्येवर गांवाचें उत्पन्न अवलंबून होतें! हा वनहक्क वंशपरंपरेनें चालतो, परंतु विकतां येत नाहीं.

२०१३ मध्यें मेंढा १९६४ च्या कायद्याप्रमाणें ग्रामदानी गांव म्हणून जाहीर झालें. अशा गांवांत जमीन ग्राममंडळाकडे जाते, कसणें घराकडे राहतें, बाहेरच्यास विक्री मात्र बंद होते.

सर्वांनीं ग्रामदान करावें असें आमचें म्हणणें नाहीं. अडीअडचणीस गहाणाचा व विक्रीचा हक्क उपयोगी पडतो, हें आम्ही जाणतों. परंतु कोणता हक्क आपल्याजवळ आहे व कोणता नाहीं, हें कागद वाचून समजून घ्यावें. महिन्यांतून एक सायंकाळ गांवकऱ्यांनीं एकत्र बसून उतारे, फेरफार व निस्तारपत्रक वाचावें. ते वृद्ध गृहस्थ आमच्याकडे पुन्हा आले नाहींत. त्यांस जें सांगावयाचें राहिलें, तें वाचकांपुढें ठेविलें आहे.