संगणकाचा ड्रायव्हर कोठून आणावा?



खेड्यातल्या शाळेत संगणक ही आता अपूर्वाईची वस्तू राहिलेली नाही. मुलांचा पट, शिष्यवृत्तीचे अर्ज, परीक्षेची आवेदनपत्रे ही सारी कामे त्याच्याच मार्फत चालतात. परंतु यंत्र म्हटले की ते कधीतरी अडणारच. मग कोणीतरी जाणता येतो, विंडोज पुसून नव्याने घालून देतो आणि जातो. दुसऱ्या दिवशी पाहावे तो इंटरनेट लागत नाही, पेनड्राइव्ह लावला तर यंत्र दाद देत नाही, आणि यंत्रातल्या भागांच्या यादीत ठिकठिकाणी पिवळे त्रिकोण दिसतात. “चिपसेटचा ड्रायव्हर टाका, म्हणजे होईल,” असा सल्ला मिळतो. सल्ला बरोबर असतो. अडचण एवढीच, की तो ड्रायव्हर आणायचा कोठून हे कोणी सांगत नाही. त्याविषयीच आज चार गोष्टी सांगावयाच्या आहेत.

आधी हा चिपसेट म्हणजे काय ते पाहू. संगणकाची पेटी उघडली की आत एक मोठी हिरवी किंवा काळी पाटी दिसते, तो मदरबोर्ड. त्यावर मुख्य प्रोसेसर बसवलेला असतो. पण प्रोसेसर काही प्रत्येकाशी स्वतः बोलत बसत नाही. एस.टी. स्टँडवर कोणती गाडी कोणत्या फलाटाला लागायची हे जसा कंट्रोलर पाहतो, तशी माहितीची ये-जा पाहणारी चिप निराळी असते. पूर्वी अशा दोन चिपा असत, उत्तर पूल आणि दक्षिण पूल या नावांच्या. पुढे स्मृतीचा कारभार खुद्द प्रोसेसरमध्येच गेला. एएमडी कंपनीने हे २००३ साली केले, इंटेलने २००८ साली. आता बहुतेक ठिकाणी एकच चिप उरली आहे. यूएसबीची भोके, डिस्क, आवाज, जाळ्याची तार यांतल्या पुष्कळांची वाहतूक ती सांभाळते.

आणि ड्रायव्हर? हा गाडी हाकणारा नव्हे बरं का! हा दुभाष्या आहे. विंडोजचे बोलणे चिपेला आणि चिपेचे विंडोजला समजावून सांगणारा छोटा कार्यक्रम, एवढाच त्याचा अर्थ. मात्र पुष्कळ ड्रायव्हर संगणकाच्या अगदी गाभ्यात बसून काम करतात. साधा कार्यक्रम ओसरीवर बसतो, ड्रायव्हर माजघरात शिरतो. म्हणूनच तो कोणाच्या हातून घेतला याला महत्त्व आहे. खोटा ड्रायव्हर आत आला, तर शाळेतील मुलांची माहिती, गुरुजींचे परवलीचे शब्द, सेवा केंद्रातील बँकेचे व्यवहार, सारेच परक्याच्या हाती जाण्याचा धोका आहे.

शेतकरी मंडळींना हे समजावून सांगायला नको. आपण बियाणे घेताना पिशवी उलटसुलट करून पाहतो. प्रमाणित बियाण्याच्या पिशवीला निळी खूणचिठ्ठी असते, ती पाहतो, शिवण उसवलेली नाही ना ते पाहतो. बाजारात कोणी पाटीत सुटे बी घेऊन बसला आणि “फुकट न्या” म्हणाला, तर आपण ते पेरतो का? ड्रायव्हरच्या बाबतीत मात्र आपण नेमके हेच करतो. शोधयंत्रात नाव टाकतो, पहिली ओळ दिसेल ती उघडतो आणि मोठे हिरवे बटण दाबतो. ती पहिली ओळ पुष्कळदा जाहिरात असते, आणि ते हिरवे बटणही भलत्याच मालाचे निघते.

तर मग खात्रीची दुकाने कोणती? तीन आहेत.

पहिले दुकान घरातच आहे, ते म्हणजे विंडोज अपडेट. यंत्राला इंटरनेट लागत असेल तर आधी तेथे जावे. ऐच्छिक अपडेटच्या यादीत ड्रायव्हरांचा निराळा भाग असतो, तोही उघडून पाहावा. पुष्कळ वेळा पिवळे त्रिकोण एवढ्यानेच जातात, आणि मग पुढे काही करण्याची गरजच राहत नाही.

दुसरे दुकान यंत्र बनवणाऱ्याचे. लॅपटॉप असेल किंवा डेल, एचपी, लेनोवो, एसर अशा कंपनीची तयार पेटी असेल, तर त्या कंपनीच्या संकेतस्थळावर यंत्राचे मॉडेल टाकून ड्रायव्हर घ्यावा. कारण ही कंपनी आपल्या यंत्रापुरते काही फेरफार करते आणि ते तपासून मगच ठेवते. जुळणी करून घेतलेली पेटी असेल, तर मदरबोर्ड करणाऱ्याचे संकेतस्थळ पाहावे. असूस, गिगाबाइट, एमएसआय ही त्यांतली परिचित नावे.

तिसरे दुकान चिप करणाऱ्याचे, म्हणजे इंटेलचे किंवा एएमडीचे. येथे नवीनतम आवृत्ती मिळते. बोर्ड करणाऱ्याच्या पानावर कधी कधी वर्षानुवर्षे जुनीच फाइल पडून असते. जुळणीच्या पेटीत एएमडीचा प्रोसेसर असेल, तर चिपसेटचा ड्रायव्हर सरळ एएमडीकडून घेणे सोयीचे. २०२१ साली एएमडीच्या अशा एका ड्रायव्हरात दोष आढळला होता. साध्या वापरकर्त्यालाही स्मृतीतली जपून ठेवावयाची माहिती वाचता येईल असा तो दोष होता, आणि नवा ड्रायव्हर काढून कंपनीने तो दुरुस्त केला. म्हणजे नवी आवृत्ती घेणे ही केवळ हौस नव्हे.

इंटेलची गोष्ट थोडी गमतीची आहे. चिपसेटचे म्हणून जे तिचे सॉफ्टवेअर मिळते, ती बहुतांशी नुसती नावनिशीची वही असते. या चिपेला या नावाने ओळखावे, एवढेच ती विंडोजला सांगते. तिच्यावर तारीख असते १८ जुलै १९६८! ही इंटेल कंपनीच्या स्थापनेची तारीख. दोन सारखे ड्रायव्हर पुढे आले तर विंडोज नव्या तारखेचा निवडते. म्हणून मुद्दाम जुनी तारीख घातली आहे, की यंत्र करणाऱ्याने काही खास ड्रायव्हर दिला असेल तर त्याला धक्का लागू नये. विंडोजच्या स्वतःच्या ड्रायव्हरांवरही अशाच कारणाने २१ जून २००६ ही तारीख दिसते. तेव्हा “तुमचा ड्रायव्हर फार जुना झाला, ताबडतोब बदला” असे पडद्यावर कोणी ओरडू लागले, तर घाबरून जाऊ नये. ड्रायव्हर आपोआप नवे करून देतो म्हणणारे जे कार्यक्रम फुकट मिळतात, त्यांची शाळेच्या यंत्राला काही गरज नाही.

आता आपला बोर्ड कोणता हे कसे कळावे? विंडोजच्या शोधपट्टीत इंग्रजीत ‘सिस्टीम इन्फर्मेशन’ असे लिहावे. जे पान उघडते त्यात ‘बेसबोर्ड’ या शब्दापुढे करणाऱ्याचे आणि बोर्डाचे नाव असते. ते कागदावर अक्षर न् अक्षर उतरवून घ्यावे, कारण एका अक्षराच्या फरकाने बोर्ड बदलतो. पिवळा त्रिकोण कोणाचा आहे हे कळेना, तर त्याच्या तपशिलात हार्डवेअर आयडी पाहावा. तेथे ‘व्हीईएन’ या तीन इंग्रजी अक्षरांपुढे ८०८६ असेल तर भाग इंटेलचा. १९७८ साली निघालेल्या इंटेलच्या प्रसिद्ध प्रोसेसरचा हाच क्रमांक होता. १०२२ असेल तर तो एएमडीचा.

शिक्षक बंधुभगिनींनो, आणखी एक गोष्ट मुलांना अवश्य शिकवण्यासारखी आहे, ती म्हणजे संकेतस्थळाचा पत्ता वाचणे. आपल्याकडे आधी स्वतःचे नाव, मग वडिलांचे आणि शेवटी आडनाव येते. घराणे ओळखायचे ते आडनावावरून. पत्त्याचेही तसेच. पहिली तिरकी रेघ येईपर्यंतचा भाग घ्यावा आणि शेवटच्या ‘डॉट कॉम’च्या लगेच आधी कोणता शब्द आहे ते पाहावे. ‘सपोर्ट डॉट डेल डॉट कॉम’ हे डेलचेच घर. पण ‘डेल डॉट सपोर्ट डॉट कॉम’ असे असेल, तर ते डेलचे घर नव्हे. तेथे डेल हे नुसते पाळण्यातले नाव आहे, आणि ते कोणालाही ठेवता येते!

फाइल उतरवून घेतल्यावर लगेच चालवू नये. तिच्यावर उजवी कळ दाबून ‘प्रॉपर्टीज’मध्ये जावे आणि डिजिटल सही पाहावी. सही कंपनीच्या नावाची आणि वैध असावी. ही झाली आपली निळी खूणचिठ्ठी.

एवढे करूनही शंभर टक्के हमी मिळते का? तसे म्हणता येत नाही. २०१८ साली चोरांनी असूस कंपनीच्या अपडेटच्या यंत्रणेतच शिरकाव केला आणि कंपनीच्याच खऱ्या सहीने खोटी फाइल वाटली. ही गोष्ट २०१९ च्या मार्चमध्ये उघडकीस आली. पण म्हणून खात्रीचे दुकान सोडून सुट्या पाटीकडे जावे असे नाही. तेथे निदान चोरी उघड झाली, जाहीर झाली आणि दुरुस्तीही मिळाली. अनोळखी स्थळावर फसलो, तर सांगणार तरी कोण? ड्रायव्हर योग्य जागेचा घ्यावा, आणि शाळेच्या कागदपत्रांची एक प्रत दुसरीकडे ठेवावी, हे दोन्ही हवे.

जुन्या यंत्रांचा प्रश्न थोडा निराळा आहे. इंटेलने डेस्कटॉपचे मदरबोर्ड करणे थांबवत असल्याचे २०१३ साली जाहीर केले, आणि २०१९ मध्ये जुन्या बोर्डांच्या पुष्कळ फायली संकेतस्थळावरून काढून टाकल्या. अशा वेळी भलत्या ठिकाणी शोधत फिरू नये. जुन्या चिपसेटांचे ड्रायव्हर बहुधा विंडोजमध्ये आधीच असतात. विंडोज १० चे सर्वसाधारण पाठबळही १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपले, आणि जुनी यंत्रे पुष्कळदा विंडोज ११ ला चालत नाहीत. त्यांच्यावर लिनक्स घालून पाहावे. त्याच्या गाभ्यातच चिपसेटांचे ड्रायव्हर असतात, वेगळे काही उतरवावे लागत नाही.

शेवटी दोन सूचना. विंडोज नव्याने घालण्यापूर्वीच चिपसेटचा आणि जाळ्याचा ड्रायव्हर पेनड्राइव्हवर घेऊन ठेवावा. नाहीतर इंटरनेटसाठी ड्रायव्हर हवा आणि ड्रायव्हरसाठी इंटरनेट हवे, असा घोटाळा होतो. दुसरे असे, की त्याच पानावर बायोसची फाइलही असते. तो ड्रायव्हर नव्हे. बायोस भरताना मध्येच वीज गेली तर बोर्ड निकामी होऊ शकतो, आणि आपल्याकडे वीज केव्हा जाईल याचा नेम नसतो. तेव्हा खास कारण असल्यावाचून त्या वाटेला जाऊ नये. यंत्र नीट चालत असेल तर जुना ड्रायव्हर बदलण्याचीही घाई नको. मात्र सुरक्षेची दुरुस्ती निघाली असेल तर ती लांबणीवर टाकू नये. आणि गुरुजी, बोर्डाचे नाव लिहिलेला तो कागद पेटीच्या बाजूला चिकटवून ठेवा. पुढे यंत्र दुरुस्त करायला जो कोणी येईल, त्याचे निम्मे काम त्याने होईल.