छोट्या आगगाड्यांची मंडळे



साहित्याच्या व्यासपीठावर खेळण्यातल्या आगगाडीचा विषय कशाला, असे काहींच्या मनात येईल. मी साहित्यिक नाही, होमिओपॅथीचा डॉक्टर आहे. लहान मात्रेवर माझा व्यवसायच उभा आहे, तेव्हा लहान वस्तूंविषयी बोलण्याचा थोडाफार अधिकार मला आहे असे समजावे. पण आज बोलायचे आहे ते गाडीविषयी कमी आणि ती चालवणाऱ्या मंडळांविषयी अधिक. अमेरिकेत आणि इंग्लंडमध्ये गावोगावी अशी मंडळे आहेत. कुठे चर्चच्या सभागृहात, कुठे एखाद्याच्या तळघरात, कुठे वापरात नसलेल्या जुन्या स्टेशनात ती भरतात. पोटापाण्याशी या उद्योगाचा संबंध नाही. तरी यांतली कित्येक मंडळे दोन-तीन पिढ्या टिकली आहेत. ती कशी टिकली, हे मुख्य मराठी मुलखाच्या कडेला राहून मराठीचे मंडळ चालवणाऱ्या आपल्यासारख्यांनी समजून घेण्याजोगे आहे.

आधी गाडी म्हणजे काय ते पाहू. दुकानात मिळणारी चावीची गाडी वेगळी आणि ही वेगळी. इथे खऱ्या गाडीचे प्रत्येक माप एकाच प्रमाणात लहान केलेले असते. सर्वांत रूढ प्रमाण 'एचओ' नावाचे, म्हणजे सत्त्याऐंशीस एक. त्याहून लहान 'एन', म्हणजे एकशे साठास एक. आपल्या ओळखीच्या मापात सांगतो. आपल्या गाडीचा एक डबा साधारण २१ मीटर लांब असतो. एचओ प्रमाणात तो २४ सेंटिमीटरचा होतो, आणि वीस डब्यांची गाडी जवळजवळ पाच मीटर लांब होते. म्हणजे नुसती एक गाडी सरळ उभी करायची म्हटली तर घरातली मोठी खोलीसुद्धा पुरत नाही. कॅसलरॉकपासून दूधसागरवरून कुळ्यापर्यंतचा घाट साधारण २५ किलोमीटरचा आहे. तो याच प्रमाणात जसाच्या तसा करायचा झाला तर जवळजवळ तीनशे मीटर लांबीची जागा लागेल. त्यामुळे कारागीर मधला भाग गाळतो आणि ज्यामुळे घाट घाट वाटतो तेवढेच ठेवतो: एखादा बोगदा, एक पूल, एक वळण, पाण्याची टाकी. काय ठेवायचे आणि काय गाळायचे हा विवेक कथालेखकाला जसा लागतो तसाच इथे लागतो.

जागेच्या याच अडचणीतून मंडळे निघाली. एकट्याला न झेपणारे दहा जण मिळून करतात. लंडनमधील 'द मॉडेल रेल्वे क्लब' १९१० साली निघाला. किंग्ज क्रॉस स्टेशनच्या उत्तरेकडच्या वस्तीची त्यांची 'कोपनहेगन फील्ड्स' ही प्रतिकृती १९८० च्या दशकापासून घडते आहे आणि अजून घडतेच आहे. अमेरिकेत सॅन डिएगो शहराच्या बाल्बोआ पार्कमध्ये तर छोट्या रेल्वेचे मोठे संग्रहालयच आहे. त्यातला टेहाचापी घाट तिथल्या एका स्थानिक मंडळाच्या सभासदांनी उभा केला आहे. खऱ्या टेहाचापीला रुळांचा एक प्रसिद्ध फेरा आहे. चढण आवाक्यात राहावी म्हणून रूळ डोंगराला वळसा घालून स्वतःच्याच डोक्यावरून जातात, आणि गाडी पुरेशी लांब असली तर तिचे इंजिन तिच्याच शेवटच्या डब्यांवरून जाताना दिसते. आपल्या घाटातल्या रेल्वेवर ज्यांची हयात गेली त्यांना हे पाहताना परके वाटणार नाही.

मंडळे निघाली, पण सुरुवातीला एक मोठी अडचण होती. एका कारखान्याची चाके दुसऱ्याच्या रुळांवर बसत नसत आणि एकाच्या डब्यांचे आकडे दुसऱ्याच्या डब्यांत अडकत नसत. एका गावचा छांदिष्ट आपली गाडी घेऊन शेजारच्या गावी गेला तर तिथे ती चालेल याचा भरवसा नव्हता. १९३५ साली मिलवॉकी शहरात या मंडळींनी 'नॅशनल मॉडेल रेलरोड असोसिएशन' ही संघटना स्थापन केली. रुळांमधले अंतर किती, चाकाची कड किती जाड, सांध्यातली फट किती, अशी मापे तिने ठरवून दिली. पुढे विजेच्या संदेशांचेही मानक ठरले, आणि एकाच रुळावर दोन इंजिने आपापल्या वेगाने चालवणे सोपे झाले. प्रत्येक इंजिनाला क्रमांक असतो आणि ते आपल्या नावाचाच हुकूम ऐकते.

या मापांचा सर्वांत सुंदर उपयोग १९७० च्या दशकात कॅलिफोर्नियात झाला. तिथल्या एन प्रमाणाच्या छांदिष्टांनी 'एनट्रॅक' नावाची पद्धत काढली. प्रत्येक सभासदाने आपल्या घरी एक तुकडा करायचा, साधारण चार फूट लांब आणि दोन फूट रुंद. तुकड्याच्या पुढच्या बाजूने तीन रूळ समांतर जायला हवेत. त्यांना लाल, पिवळा आणि निळा अशी नावे आहेत. दोन्ही टोकांना ते ठरलेल्याच जागी, ठरलेल्याच उंचीवर यायला हवेत, आणि तारांचे जोडही ठरलेल्या रंगांचे हवेत. नियम काय ते टोकांना. मधल्या जागेत कुणी बर्फाचा डोंगर करावा, कुणी वाळवंट, कुणी आपल्या आजोबांची गिरणी. तिथे कुणी विचारायला येत नाही. प्रदर्शनाच्या दिवशी सगळे आपापले तुकडे गाडीत घालून आणतात, शेजारी शेजारी लावतात आणि मधल्या फटीत पाच-एक इंचांचा जोडरूळ बसवतात. ज्यांनी एकमेकांना पूर्वी कधी पाहिले नाही अशा पन्नास घरांतून मग एकच गाडी धावू लागते.

मला या साऱ्या प्रकारातली ही गोष्ट फार मोलाची वाटते. मंडळात भांडणे का होतात? मधला भागही सर्वांनी एकसारखाच करावा असा आपण आग्रह धरतो म्हणून होतात. किंवा टोकेसुद्धा ज्याच्या त्याच्या मर्जीवर सोडतो, आणि मग गाडी पुढे जात नाही. टोके पक्की आणि मधली जागा मोकळी ठेवली, तर माणसे आपण होऊन मेहनत करतात.

मुलीकडे मॅसॅच्युसेट्समध्ये राहायला गेलो असताना वेस्ट स्प्रिंगफील्ड इथले प्रदर्शन मी पाहिले. ॲमहर्स्ट रेल्वे सोसायटी हे ते भरवणारे मंडळ. ऐन जानेवारीच्या अखेरीस, बाहेर बर्फ पडलेले असताना, शनिवार-रविवार असे दोन दिवस जत्रेच्या मैदानावरच्या चार मोठ्या इमारतींत ते भरते आणि वीस हजारांहून अधिक माणसे येतात. एका बाजूला विक्रीचे गाळे: जुने डबे, सुटी चाके, बोटाएवढी झाडे, तांदळाएवढी माणसे. दुसऱ्या बाजूला निरनिराळ्या मंडळांच्या गाड्या. जमलेल्या पैशांतून हे मंडळ जुनी इंजिने आणि स्टेशने जतन करणाऱ्या संस्थांना मदत करते.

गाडीसमोर लहान मुले उभी राहतात ते अपेक्षितच होते. मी मात्र मांडणीच्या मागच्या बाजूला बराच वेळ उभा होतो. तिथे सभासद असतात. कुणी चिंधीने रूळ पुसतो आहे, कारण रुळावर धूळ बसली की वीज चाकापर्यंत पोचत नाही. कुणी घसरलेला डबा चिमट्याने उचलून ठेवतो आहे. सत्तरीचे आजोबा कागद हातात धरून चौदा वर्षांच्या मुलाला सांगताहेत, की मालगाडी अजून सोडू नको, समोरून पॅसेंजर यायची आहे. बऱ्याच मंडळांत गाड्या नुसत्या गोल फिरवत नाहीत, वेळापत्रकाने चालवतात. प्रत्येक मालडब्याची एक चिठ्ठी असते. तो कुठून निघाला, कुठे सोडायचा, परत काय घेऊन यायचा, ते तिच्यावर लिहिलेले असते. एक जण नियंत्रक होतो, बाकीचे त्याच्या परवानगीवाचून सिग्नल ओलांडत नाहीत. यात वयाचा मान नसतो, कामाचा असतो. मुलाच्या हाती नियंत्रकाचे काम आले तर आजोबाही त्याला विचारूनच गाडी हलवतात.

अशा टेबलाखालूनही मोठी गोष्ट निघू शकते. त्याच मॅसॅच्युसेट्समध्ये केंब्रिज इथल्या एमआयटी या तंत्रविद्यापीठात १९४६ साली विद्यार्थ्यांनी 'टेक मॉडेल रेलरोड क्लब' काढला. महायुद्धात घाईने बांधलेल्या एका लाकडी इमारतीत तो भरे. सभासदांचे दोन तट होते. एकाला डबे रंगवण्याची आणि डोंगर करण्याची हौस, तर दुसऱ्याला टेबलाखालच्या तारांची. या दुसऱ्या गटाने टेलिफोनचे रिले वापरून गाड्यांची सारी नियंत्रणे उभी केली, आणि चतुराईने केलेल्या जोडणीला ते 'हॅक' म्हणू लागले. पुढे विद्यापीठात संगणक आले तेव्हा रात्ररात्र त्यांच्यापुढे बसणारी पोरे याच टेबलाखालून आली होती. आज 'हॅकर' शब्दाला वाईट वास आहे. त्या काळी ती शाबासकी होती. आपल्यापैकी अनेकांची मुले पुण्या-बंगळुरूला संगणकाच्या नोकरीत आहेत. त्यांच्या व्यवसायाच्या शब्दसंग्रहात एका छोट्या आगगाडीचा वाटा आहे, हे त्यांना जरूर सांगावे.

प्रदर्शनाशिवाय ही मंडळे गावासाठी काय करतात? नोव्हेंबर हा तिकडे छोट्या रेल्वेचा महिना मानतात. त्या महिन्यात अनेक मंडळे आपली दारे सर्वांना उघडी ठेवतात. नाताळात गावच्या वाचनालयात किंवा संग्रहालयात गाडी मांडतात. तिथल्या बालवीरांना रेल्वे या विषयाचे एक पदक असते, त्यासाठी मंडळाचे सभासद मुलांना शिकवतात. 'ऑपरेशन लाइफसेव्हर' नावाची एक चळवळ १९७२ साली आयडाहो राज्यात सुरू झाली. फाटक ओलांडताना होणारे अपघात टळावेत हा तिचा हेतू, आणि अशा प्रदर्शनांत तिचे कार्यकर्ते माहितीचे टेबल लावून बसतात. गाडी इतक्या चटकन थांबू शकत नाही, हे मुलांना तिथे समजावून सांगितले जाते. न्यूयॉर्कच्या ट्रान्झिट म्युझियमने तर गाड्यांची आवड असलेल्या स्वमग्न मुलांसाठी शाळेनंतरचा वर्ग चालवला. ज्या मुलाला बोलायला विषय सापडत नाही, त्याला समवयस्कांशी बोलायला गाडी हा विषय मिळतो. हा उपचार नव्हे. पण बोलायला विषय मिळणे हे किती मोठे असते, ते दवाखान्यात मी रोज पाहतो. निवृत्त गार्ड खोकल्याची तक्रार घेऊन येतात तेव्हा दोन शब्दांत उत्तरे देतात. लोंढ्याला इंजिन कसे बदलत, एवढे विचारले की त्यांचा चेहरा पालटतो.

आपल्या लोकांना हा शौक नवा नाही. ग्वाल्हेरच्या जयविलास राजवाड्यात शिंदे सरकारांच्या जेवणाच्या टेबलावर चांदीची छोटी गाडी फिरे. इंग्लंडमधल्या बॅसेट-लोक या प्रसिद्ध कारखान्याची ती करामत. पाहुण्याने तिच्यावरचे मद्यपात्र उचलले की गाडी थांबे, परत ठेवले की चालू लागे. पुण्यात कोथरूडला भाऊसाहेब जोशी यांनी आयुष्यभराच्या छंदातून छोट्या रेल्वेचे संग्रहालय उभे केले. १ एप्रिल १९९८ पासून ते लोकांसाठी खुले आहे, आणि ज्यांनी पाहिले नसेल त्यांनी नातवंडांना घेऊन अवश्य पाहावे. एक राजाचा शौक, एक जिद्दी माणसाचा ध्यास. मंडळाची गाडी मात्र तिसऱ्या जातीची. ती कुणा एकाची नसते, आणि म्हणूनच तिचे दुखणेही वेगळे असते.

ते दुखणे म्हणजे वय. या मंडळांत पांढरे केस फार दिसतात. बर्मिंगहॅमजवळ वॉर्ली क्लबचे प्रदर्शन इंग्लंडमधल्या अतिशय मोठ्या प्रदर्शनांपैकी एक होते, हजारोंनी माणसे येत. २०२३ नंतर ते थांबले. एवढा व्याप उभा करायला पाहणाऱ्यांची गर्दी असून भागत नाही, टेबले उचलणारे हात लागतात. आपल्या वार्षिक कार्यक्रमाला सभागृह भरते. पण खुर्च्या मांडायला आणि वाचनालयाची यादी करायला कोण येते, याचा हिशेब प्रत्येकाने मनाशी करावा.

जी मंडळे तगून आहेत त्यांची रीत सोपी आहे. ती मुलाला समोर उभे करून पाहायला लावत नाहीत, मागच्या बाजूला नेऊन काम देतात. चुकला आणि गाडी घसरली तरी पुन्हा त्याच्याच हाती देतात. आपण मुलांना पहिल्या रांगेत बसवून भाषण ऐकवतो आणि टाळ्या वाजवायला सांगतो. मग ती येत नाहीत म्हणून खंत करतो.

म्हणून या मंडळापुढे एक सूचना ठेवतो. आपल्या भागातली रेल्वे १९९० च्या दशकात मीटरगेजची ब्रॉडगेज झाली. जुनी गाडी, तिचे डबे, तिच्या स्टेशनांवरची माणसे ज्यांनी पाहिली ते अजून आपल्यात आहेत, पण दर वर्षी कमी होत आहेत. बेळगाव, देसूर, खानापूर, गुंजी, लोंढा, तिनईघाट, कॅसलरॉक: एकेका कुटुंबाने एकेक स्टेशन घ्यावे. दोन बाय चार फुटांची फळी, पुठ्ठ्याचे स्टेशन, मुलांनी रंगवलेले. गाडी धावलीच पाहिजे असे पहिल्या वर्षी नको, पण टोके मात्र पहिल्या दिवसापासून ठरलेल्या मापाची असावीत. आणि प्रत्येक स्टेशनाबरोबर दोन पाने मराठीत, घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारून मुलांनी लिहिलेली: फलाटावर काय विकत, कुठल्या गाडीला गर्दी असे, परगावी गेलेल्याचे पत्र कोणत्या गाडीने येई. कुणाचे आजोबा कन्नडमध्ये सांगतील, कुणाची आजी कोंकणीत, तेही तसेच टिपून घ्यावे. पुढल्या व्याख्यानमालेच्या वेळी ही सारी स्टेशने याच सभागृहात भिंतीलगत ओळीने मांडता येतील. मापे ठरवायला येत्या रविवारी सकाळी दहा वाजता मी वाचनालयात बसणार आहे. ज्यांच्या घरी करवत आणि एखादे उद्योगी नातवंड आहे, त्यांनी दोघांनाही घेऊन यावे.