गोल फिरणारी संख्या

ही संख्या वाचा बरे: १४२८५७. एक लाख बेचाळीस हजार आठशे सत्तावन्न.

तिला दोनने गुणले तर २८५७१४ येतात. नीट बघा. अंक तेच, क्रमही तोच. फक्त पुढचे १४ उठून मागे जाऊन बसले. तीनने गुणले तर ४२८५७१, चारने ५७१४२८, पाचने ७१४२८५ आणि सहाने ८५७१४२. आपल्या मासवणकडे तारप्याचा नाच असतो ना, तसेच हे. कोणी हात सोडत नाही, सगळे गोल फिरतात, पुढे मात्र दरवेळी वेगळा येतो. सातने गुणले की नाच मोडतो आणि ९९९९९९ येतात.

वर्गातली मुले म्हणाली, ही जादू आहे. माझी आजी तर म्हणाली, असले आकडे घरात लिहू नकोस बाय. मला काही ते पटले नाही. म्हणून मी पाटीवर दहा लाखाला सातने भागायला घेतले.

१० मध्ये सात एके सात, बाकी ३. शून्य खाली घेतले, झाले ३०. सात चोक अठ्ठावीस, बाकी २. मग २०, सात दुणे चौदा, बाकी ६. मग ६०, सात आठे छप्पन्न, बाकी ४. मग ४०, सात पाचे पस्तीस, बाकी ५. मग ५०, सात साते एकोणपन्नास, बाकी १. भागाकार आला १४२८५७!

आणि बाकी १ म्हणजे पुन्हा १० पासून सुरुवात. सातने भागताना बाकी १ ते ६ यांतलीच राहते, शून्य इथे येतच नाही. सहाही बाक्या येऊन गेल्या, मग नवीन आणणार कुठून?

आता वीस लाखाला भागा. सुरुवातच २० पासून होते. ही तर त्याच साखळीतली मधली कडी! तिथून पुढे २, ८, ५, ७, १, ४ असेच अंक येणार. वीस लाख ही दहा लाखाची दुप्पट, म्हणून उत्तरही दुप्पट. आणि दहा लाखातून १ बाकी उरला होता, म्हणून सातपट केली की दहा लाखाला एक कमी पडतो. आजीला हे सगळे पाटीवर करून दाखवले. ती म्हणाली, मग लिही.

आपल्या पालघर जिल्ह्यातल्या डहाणूला १७ जानेवारी १९०५ रोजी दत्तात्रय रामचंद्र कापरेकर जन्मले. ते नाशिकजवळ देवळालीला शाळेत शिक्षक होते, तरी जगातले गणिती त्यांना ओळखतात. १९८६ साली ते वारले. त्यांनी एक गंमत शोधली. ४५ ला ४५ ने गुणा, २०२५ येतात. मधोमध तोडा आणि बेरीज करा: २० आणि २५, झाले ४५. अशा संख्यांना कापरेकर संख्या म्हणतात. आपली संख्यासुद्धा त्यांतलीच! १४२८५७ ला तिनेच गुणले तर २०४०८१२२४४९ येतात. (या गुणाकाराला माझी पाटी पुरली नाही, वहीचे पान लागले.) तोडा: २०४०८ आणि १२२४४९. बेरीज तुम्हीच करा.

ज्यांना आणखी करायचे असेल त्यांनी दहा लाखाला तेराने भागावे. ७६९२३ येतात, त्याच्या पुढे शून्य लावून ०७६९२३ लिहा. तीनने गुणले तर २३०७६९, म्हणजे फिरली. पण दोनने गुणले तर १५३८४६. हे अंक वेगळेच! तेराला बारा बाक्या असतात, त्यांचे सहा-सहाचे दोन नाच होतात. कोणती बाकी कोणत्या नाचात, ते पाटीवर काढून बघा.