विश्लेषण : महाबळेश्वरात धो धो, माणमध्ये टँकर, एकाच जिल्ह्यात असे का?

सातारा जिल्ह्याच्या पश्चिम टोकाला महाबळेश्वरात वर्षाला सरासरी साडेपाच हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. त्याच जिल्ह्याच्या पूर्वेला, सरळ रेषेत जेमतेम शंभर किलोमीटरवर असलेल्या माण तालुक्यात तो 500 मिलिमीटरच्या आसपास येतो. उन्हाळा लागला की माणमध्ये टँकरची मागणी सुरू होते आणि बोअरच्या गाड्या शिवारात फिरू लागतात. तीनशे फुटांना पाणी नाही म्हणून पाचशे, पाचशेला नाही म्हणून सातशे. पाऊस पश्चिमेलाच का संपतो आणि पूर्वेला जमिनीत पाणी का टिकत नाही, या दोन्ही प्रश्नांची उत्तरे एकाच काळ्या खडकापाशी पोहोचतात.

हा खडक आला कुठून?

सुमारे 6 कोटी 60 लाख वर्षांपूर्वी जमिनीला पडलेल्या भेगांतून लाव्हा बाहेर आला. तो शंकूसारखा डोंगर न रचता दूरवर पसरला, थिजला. त्यावर पुढचा थर आला. असे एकावर एक थर साचत गेले. झीज होऊनही हा बेसाल्ट आज सुमारे 5 लाख चौरस किलोमीटरवर उरला आहे आणि महाराष्ट्राचा 80 टक्क्यांहून अधिक भाग त्याच्यावर वसला आहे. त्याचे ‘डेक्कन ट्रॅप’ हे नाव पायरी या अर्थाच्या स्वीडिश शब्दावरून पडले. पोलादपूरहून आंबेनळी घाट चढताना या पायऱ्या नुसत्या डोळ्यांनी दिसतात. एक उभा कडा, मग एक टप्पा, पुन्हा कडा.

पुढे भारताच्या भूखंडापासून सेशेल्सचा तुकडा वेगळा झाला आणि पश्चिमेची कड तुटली. ती कड झिजत झिजत मागे सरकली, तो आजचा सह्याद्री. म्हणून कोकणाच्या बाजूने तो भिंतीसारखा उभा आहे आणि देशाकडे हळूहळू उतरतो. अरबी समुद्रापासून 65 किलोमीटरच्या आत उगम पावणारी कृष्णा त्या समुद्राकडे पाठ फिरवून सुमारे 1,400 किलोमीटर वाहत बंगालच्या उपसागराला मिळते, ती या उतारामुळेच.

डोंगर ढग अडवतो का?

शाळेत तसेच शिकवले जाते, पण ते अर्धेच खरे आहे. डोंगर ढग अडवत नाही, वाऱ्याला वर चढायला लावतो. समुद्रावरून आलेली दमट हवा वर गेली की प्रत्येक किलोमीटरला साधारण 6 अंशांनी थंड होते. थंड हवेत बाष्प मावत नाही, ते कोसळते. घाटमाथा ओलांडला की हवा खाली उतरते, उतरताना तापते आणि पाऊस पडण्याऐवजी ढग विरू लागतात. महाबळेश्वरपासून 20 किलोमीटरच्या आत असलेल्या पाचगणीत पाऊस निम्म्याहूनही खाली येतो. माणची भिस्त त्यामुळे जून-जुलैपेक्षा सप्टेंबरच्या गडगडाटी पावसावर अधिक असते.

मग खोल बोअर घेऊन भागत नाही का?

खरी अडचण इथे आहे. अखंड बेसाल्टच्या आत पाणी शिरत नाही. ते साठते ते वरच्या मुरमात, थरांच्या मधल्या सच्छिद्र पट्ट्यात आणि भेगांत. केंद्रीय भूजल मूल्यांकनाच्या निकषांनुसार झिजलेल्या, भेगाळ बेसाल्टमधून आकारमानाच्या साधारण 2 टक्के पाणी मिळू शकते, तर नदीकाठच्या वाळूच्या गाळातून 16 टक्के. म्हणजे एक घनमीटर खडकातून 20 लिटर, एक घनमीटर वाळूतून 160.

याचा अर्थ साध्या हिशेबाने कळतो. पावसाळ्यात 50 मिलिमीटर पाणी जमिनीत मुरले असे धरू. 2 टक्के साठवणीच्या खडकात तेवढ्याने पाणीपातळी अडीच मीटर वर येते. विहीर भरलेली दिसते, शेतकरी ऊस लावतो. पण तेवढाच उपसा झाला की पातळी अडीच मीटर खाली जाते. दोन पावसांत भरणारी विहीर जानेवारीत तळ गाठते ती यामुळे. तिथे दरवेळी विहिरीच्या जागेचा दोष नसतो.

खाली जावे तशा भेगा कमी आणि अरुंद होत जातात. सातशे फुटांवर पाणी लागलेच, तर बहुतेकदा ते वरच्या थरातूनच झिरपलेले असते. अर्थात शेजारच्या विहिरीचे. खाली साचलेले जुने पाणी असले तरी ते मुदत ठेवीसारखे असते. मोडली की पुन्हा भरायला वर्षे लागतात. राज्याच्या 2009 च्या भूजल कायद्यात 60 मीटरपेक्षा खोल विहिरींवर निर्बंध आहेत. साठ मीटर म्हणजे सुमारे दोनशे फूट. शिवारात फिरणाऱ्या बोअरच्या गाड्या पाहता हा आकडा कागदावरच राहिला, असे म्हणावे लागते.

या खडकाने काहीच दिले नाही का?

दिले, पण ते वर आहे. बेसाल्ट झिजून झालेली काळी माती पाणी धरून ठेवते. मंगळवेढ्याची भौगोलिक मानांकन मिळालेली मालदांडी ज्वारी सप्टेंबरच्या ओलीवर उभी राहते, तिला बोअर लागत नाही. अहिल्यानगर जिल्ह्यातील हिवरे बाजारने शेतीसाठी बोअर घेणे बंद केले. तिथे दरवर्षी पाण्याचा ताळेबंद ग्रामसभेत मांडला जातो आणि पिके त्यानुसार ठरतात.

माणमध्ये आता जिहे-कठापूरसारख्या उपसा योजनांतून कृष्णेचे पाणी चढवून आणले जात आहे. कालव्याच्या पट्ट्यात विहिरींना त्याचा पाझर मिळेल, पण त्या विहिरींखालचा खडक तोच आहे. कालवा आला म्हणून लगेच उसाकडे वळणाऱ्याला तोच 2 टक्क्यांचा हिशेब पुन्हा मांडावा लागेल.