लिनक्सवरचे जुने ब्राउझर : सात गैरसमज आणि वस्तुस्थिती

जुहूच्या गुलमोहर क्रॉस रोड क्रमांक ९ वर सी-डॅक या सरकारी संगणन संस्थेचं मुंबई केंद्र आहे. २००३ पर्यंत ही जागा एनसीएसटी, म्हणजे राष्ट्रीय सॉफ्टवेअर तंत्रज्ञान केंद्र, या नावानं ओळखली जायची. ही संस्था टाटा मूलभूत संशोधन संस्थेतल्या (टीआयएफआर) एका विभागातून १९८५ मध्ये स्वतंत्र झाली. डॉ. श्रीनिवासन रमणी तिचे संचालक होते. भारतातलं पहिलं शैक्षणिक जाळं, अर्नेट, ज्या आठ संस्थांनी उभारलं त्यांतली ही एक. शेवटी ‘डॉट इन’ असलेल्या पत्त्यांची नोंदणी २००४ अखेरपर्यंत इथूनच व्हायची. पुढे लिनक्सच्या पडद्यावर देवनागरी नीट उमटावी म्हणूनही इथेच मोठं काम झालं.

लिनक्सवरच्या जुन्या ब्राउझरांची तुलना निघाली की गप्पा ‘अमुक फार हळू होता’, ‘तमुकात मराठी दिसायचंच नाही’ अशा तक्रारींवर येतात. तक्रारी खऱ्याच असतात, पण दोष बहुतेकदा चुकीच्या माथी मारला जातो. वापरणाऱ्याला फक्त ब्राउझर दिसतो. त्याच्या खाली फोनची लाइन असते, इंटरनेटचं खातं असतं, पडदा रंगवणारी एक्स विंडो प्रणाली असते आणि फॉन्ट असतात. गोष्टी बिनसायच्या त्या बहुधा इथे खाली.

गैरसमज १ : ब्राउझर आधी विंडोजवर आले, लिनक्सला मागाहून उरलंसुरलं मिळालं

वस्तुस्थिती : क्रम नेमका उलटा आहे. टिम बर्नर्स-ली यांनी १९९० मध्ये लिहिलेला पहिला ब्राउझर नेक्स्ट संगणकावर चालायचा, आणि त्या संगणकाची कार्यप्रणाली युनिक्सच्या कुळातली होती. १९९२ मधले एर्वाइज आणि व्हायोला हे दोन्ही ब्राउझर युनिक्सच्या एक्स विंडोसाठीच होते. इलिनॉय विद्यापीठात मार्क अँड्रीसन आणि एरिक बिना यांनी तयार केलेला मोझेक १९९३ च्या जानेवारीत पहिल्यांदा बाहेर आला, तोही एक्स विंडोवर. विंडोज आणि मॅकच्या आवृत्त्या त्याच वर्षी, पण नंतर आल्या.

लिनक्सवाल्यांची अडचण वेगळीच होती. मोझेकची बटणं आणि खिडक्या ‘मोटिफ’ नावाच्या सामग्रीतून बनलेल्या होत्या आणि मोटिफ विकत घ्यावं लागे. मोझेकचा मूळ कोड हाती असला तरी मोटिफचा परवाना नसलेल्या माणसाला तो स्वतःच्या यंत्रावर बांधता येत नसे. मग कुणीतरी मोटिफ आतच भरून तयार केलेली जाडजूड फाइल उतरवून घेणं एवढंच हाती उरायचं. नेटस्केपही मोटिफवरच उभा होता. ‘लिनक्सवरचा ब्राउझर जड असतो’ या बोलण्याचं एक मूळ इथे सापडतं.

गैरसमज २ : लिनक्सवर चित्रं दिसत नसत, म्हणून लोक लिंक्स वापरत

वस्तुस्थिती : लिंक्स हा फक्त मजकूर दाखवणारा ब्राउझर १९९२ मध्ये कॅन्सस विद्यापीठात तयार झाला. लिनक्सशी त्याचं नातं उच्चाराच्या साधर्म्यापुरतंच. मुंबईत तो अनेकांच्या ओळखीचा झाला तो व्हीएसएनएल या तेव्हाच्या सरकारी कंपनीमुळे.

१५ ऑगस्ट १९९५ ला व्हीएसएनएलनं मुंबईसह चार महानगरांत सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सुरू केलं. खाती मुख्यतः दोन प्रकारची होती. टीसीपी/आयपी खातं महाग, शेल खातं स्वस्त. विद्यार्थ्यांच्या वाट्याला शेल खातंच यायचं. शेल खात्यात तुमचा संगणक खऱ्या अर्थानं इंटरनेटवर नसायचाच. मोडेमनं फोन लावायचा, व्हीएसएनएलच्या युनिक्स यंत्रावर नाव आणि पासवर्ड द्यायचा, आणि तिथे चालणाऱ्या प्रोग्रामची अक्षरं आपल्या पडद्यावर बघायची. लिंक्स चालायचा तो त्या दूरच्या यंत्रावर. घरी विंडोज असो, डॉस असो की मिनिकॉम हा टर्मिनल प्रोग्राम उघडलेलं लिनक्स, पडद्यावर दिसायचं ते सारखंच.

टीसीपी/आयपी खातं असेल तर लिनक्सवरही पीपीपी जोडणी करून नेटस्केपमध्ये चित्रांसकट पानं उघडत. शेल खात्यावरच स्लर्पसारखा प्रोग्राम चालवून पीपीपीचा आभास निर्माण करणारे खटपटे लोकही जगभर होते. लिनक्सवाल्याला खरा त्रास व्हायचा तो मोडेमचा. स्वस्तातल्या अंतर्गत मोडेमचं बरंचसं काम विंडोजचा ड्रायव्हर करायचा. लिनक्समध्ये तो ड्रायव्हर नसल्यामुळे मोडेम ढिम्म हलत नसे आणि खापर फुटे ब्राउझरवर.

गैरसमज ३ : नेटस्केप हे मुक्त सॉफ्टवेअर होतं आणि त्याचाच फायरफॉक्स झाला

वस्तुस्थिती : नेटस्केप लिनक्सवर मिळायचा, पण मुक्त नव्हता. विद्यार्थ्यांना आणि ना-नफा संस्थांना तो फुकट असायचा. बाकीच्यांनी काही दिवस वापरून पाहून मग पैसे भरावेत, अशी सुरुवातीची अट होती. ती फारशी कुणी पाळली नाही हा भाग वेगळा. जानेवारी १९९८ मध्ये कंपनीनं तो सर्वांसाठी फुकट केला आणि ३१ मार्च १९९८ ला पुढच्या आवृत्तीचा मूळ कोड खुला केला. मोझिला प्रकल्पाची सुरुवात तिथून झाली.

त्या कोडवर रंगसफेदी करून फायरफॉक्स तयार झाला, असं मात्र घडलेलं नाही. १९९८ च्या ऑक्टोबरातच पान मांडणारं जुनं इंजिन बाजूला ठेवून गेको या नव्या इंजिनावर भिस्त ठेवायचं ठरलं. मोझिला १.० यायला जून २००२ उजाडलं आणि फायरफॉक्स १.० नोव्हेंबर २००४ मध्ये आला. मधल्या वर्षांत लिनक्सच्या सीड्यांवर जुना नेटस्केप ४ च चालत राहिला. वाढत्या स्टाइलशीटपुढे तो गडगडायचा. लिनक्सवरच्या ब्राउझरांविषयी आज ऐकू येणाऱ्या वाईट आठवणींतल्या बऱ्याच याच काळातल्या आहेत.

गैरसमज ४ : इंटरनेट एक्सप्लोरर लिनक्सवर चालवणं तांत्रिकदृष्ट्या अशक्य होतं

वस्तुस्थिती : मायक्रोसॉफ्टनं १९९८ पासून काही वर्षं सोलॅरिस आणि एचपी-यूएक्स या युनिक्स प्रणालींसाठी इंटरनेट एक्सप्लोरर दिला होता, आणि तो एक्स विंडोवरच चालायचा. लिनक्सवर तो आणायचा नाही, हा धंद्याचा निर्णय होता.

अनेक संकेतस्थळांचं काम लिनक्सवर अडायचं, त्याचं कारणही वेगळं होतं. बँका आणि कार्यालयांची पानं अॅक्टिव्हएक्स या विंडोजपुरत्या तंत्रावर बांधलेली असत. लिनक्सवरचा कुठलाही ब्राउझर, कितीही चांगला असला तरी, त्या पानांपुढे हतबल होता.

गैरसमज ५ : काँकरर हा फसलेला प्रयोग

वस्तुस्थिती : काँकरर ऑक्टोबर २००० मध्ये केडीई या लिनक्स डेस्कटॉपच्या २.० आवृत्तीबरोबर आला. फाइल बघायच्या त्याच खिडकीत वेबची पानंही उघडत. वापरणारे कमी होते आणि काही पानं त्यात मोडकी दिसत, हे खरं. पण त्याचं केएचटीएमएल हे इंजिन लहान आणि स्वच्छ लिहिलेलं होतं. जानेवारी २००३ मध्ये अॅपलनं सफारी जाहीर केला, तेव्हा त्याच्या पोटात हेच इंजिन असल्याचं उघड झालं. त्यातून वेबकिट निघालं. २००८ चा क्रोम वेबकिटवर उभा राहिला आणि २०१३ मध्ये गूगलनं त्याची वेगळी शाखा काढली, ती ब्लिंक. आज अँड्रॉइड फोनवर क्रोम उघडणारा प्रत्येक जण लिनक्सच्या डेस्कटॉपसाठी लिहिलेल्या त्या इंजिनाचा वंशजच वापरत असतो.

गैरसमज ६ : फॉन्ट टाकला की मराठी दिसतं; दिसलं नाही तर ब्राउझर वाईट

वस्तुस्थिती : इथे थोडं थांबायला हवं, कारण जुहूचा संबंध इथेच येतो.

युनिकोडमध्ये मराठी मजकूर उच्चाराच्या क्रमानं साठवला जातो. ‘क्रिकेट’ लिहिताना आधी क, मग हलन्त, मग र आणि त्यानंतर ह्रस्व इकार. पडद्यावर मात्र क आणि र यांचा ‘क्र’ व्हायला हवा आणि शेवटी टंकलेली वेलांटी सगळ्यांच्या आधी, डावीकडे यायला हवी. हे जुळवून घेणारी वेगळी यंत्रणा लागते. जुन्या एक्स विंडोला ती ठाऊक नव्हती. एका क्रमांकाला एक चित्र, आणि चित्रं डावीकडून उजवीकडे रांगेनं, एवढाच तिचा हिशेब होता. त्यामुळे उत्तम फॉन्ट असूनही हलन्त उघडे पडत आणि वेलांट्या भलत्याच अक्षराला चिकटत.

यातून एक विचित्र प्रकार घडायचा. त्या काळातली बरीच मराठी संकेतस्थळं युनिकोड वापरत नसत. प्रत्येक कंपनीचा स्वतःचा फॉन्ट असे आणि इंग्रजी अक्षरांच्या जागी देवनागरीचे तुकडे बसवलेले असत. फॉन्ट नसेल तर पान म्हणजे रोमन अक्षरांची खिचडी. पण तोच फॉन्ट लिनक्सवर बसवला तर पान जवळजवळ ठीक दिसे, कारण तुकडे आधीच दिसण्याच्या क्रमानं ठेवलेले असत. मानकाबाहेरचा मजकूर नीट आणि मानकाप्रमाणे लिहिलेला मोडका, अशी उलटी गंगा होती. पानासोबत फॉन्ट पाठवण्याची मायक्रोसॉफ्टची युक्ती फक्त इंटरनेट एक्सप्लोररमध्ये चालायची, म्हणून फॉन्ट हातानं न बसवलेल्या लिनक्सवाल्याच्या नशिबी बहुधा खिचडीच यायची.

जुहूच्या एनसीएसटीनं ‘इंडिक्स’ या प्रकल्पात थेट मुळाला हात घातला. ब्राउझर, संपादक, पत्रपेटी असा एकेक प्रोग्राम दुरुस्त करत बसण्यापेक्षा एक्स विंडोलाच भारतीय लिप्यांची जुळणी शिकवायची. म्हणजे वर चालणाऱ्या प्रोग्रामांना न बदलता देवनागरी मिळेल. याच संस्थेत सुलेखनकार आणि मराठी कवी प्रा. र. कृ. जोशी अक्षररचनेचं काम करत. विंडोज २००० बरोबर आलेला ‘मंगल’ फॉन्ट त्यांच्याच हातचा, आणि लिनक्सवर मुक्तपणे वापरता येणारा ‘रघू’ही त्यांचाच. लिनक्सची देवनागरी म्हणजे विंडोजची उसनवारी, या समजाला एवढं उत्तर पुरेसं आहे. दोन्हीकडची अक्षरं जुहूतच घडली.

पुढे जगानं वाट बदलली. अक्षरं रंगवण्याचं काम एक्स सर्व्हरकडून निघून प्रोग्राम वापरतात त्या सॉफ्टवेअर लायब्रऱ्यांकडे आलं. ग्नोम या डेस्कटॉपमध्ये पँगो आणि केडीईमध्ये क्यूटी हे काम करू लागले. क्यूटीनं २००३ मध्ये, ३.२ या आवृत्तीत, भारतीय लिप्या हाताळायला सुरुवात केली आणि काँकररमध्ये युनिकोड मराठी सुधारली. मोझिलाच्या अधिकृत लिनक्स आवृत्त्यांत मात्र पँगो नसे. काही लिनक्स वितरणांनी ती जोडून दिलेला फायरफॉक्स असे आणि काहींत एक विशिष्ट कळ फिरवल्यावर ती चालू होई. म्हणून एकाच आवृत्तीचा फायरफॉक्स एकाच्या संगणकावर सुरेख मराठी दाखवायचा आणि दुसऱ्याच्या संगणकावर तोडकीमोडकी. दोघेही खरंच सांगत असत. जून २००८ च्या फायरफॉक्स ३ पासून हा भेद मिटला. फॉन्टची उणीवही तोवर कमी झाली होती. रेड हॅटनं २००४ मध्ये मोकळे केलेले ‘लोहित’ फॉन्ट अनेक वितरणांसोबत येऊ लागले होते.

गैरसमज ७ : तेव्हा पर्याय नव्हते, आता भरपूर आहेत

वस्तुस्थिती : २००१-०२ च्या लिनक्स डेस्कटॉपवर काय काय होतं ते पाहा. नेटस्केप ४ जुना झाला होता, पण कमी मेमरीत निभावून न्यायचा. मोझिला पानं सर्वांत बिनचूक मांडायचा, मात्र स्वतःची बटणंसुद्धा तो वेबपानासारखी रंगवायचा, त्यामुळे साध्या संगणकावर धापा टाकायचा. गॅलियननं तेच गेको इंजिन घेऊन वर ग्नोमची साधी खिडकी बसवली आणि वजन उतरवलं. काँकरर केडीईशी एकजीव होता. ऑपेरा चपळ होता, पण फुकट हवा असेल तर जाहिरातींची पट्टी सोसावी लागे. डिल्लो इवलासा आणि विजेसारखा; त्याला जावास्क्रिप्ट येत नव्हती, स्टाइलशीटही नाही. आणि फोनची लाइन रडतखडत चालत असेल त्या रात्री लिंक्सला तोड नव्हती.

ही फक्त नावं नव्हती. यांतल्या बहुतेकांच्या आत वेगळं इंजिन होतं. गेको सोडलं तर एकाचं दुसऱ्याशी नातं नव्हतं, आणि वेबपान लिहिणाऱ्याला ते या सगळ्यांत तपासून बघावं लागे. आज लिनक्सवर ब्राउझरांची नावं डझनानं सापडतील, पण त्यांच्या आत डोकावलं तर बहुतेक ठिकाणी ब्लिंकच निघतं. ऑपेरानंही स्वतःचं इंजिन २०१३ मध्ये सोडून दिलं. फायरफॉक्सचं गेको आणि ग्नोमच्या ब्राउझरातलं वेबकिट एवढेच ठळक अपवाद. तेव्हा आज नवा ब्राउझर निवडताना त्याचं नाव आणि रंगरूप पाहण्याआधी तो कुठल्या इंजिनावर चालतो हे पाहावं. एका इंजिनाचे दोन ब्राउझर बसवून वेगळेपण मिळत नाही. एखादं पान एकात बिघडलं तर ते दुसऱ्यातही तसंच बिघडण्याची शक्यता जास्त असते. तपासायचंच असेल तर दुसरा ब्राउझर वेगळ्या इंजिनाचा घ्यावा.