श्वास घ्या, धरून ठेवा

सकाळी ८.२०
सांगली जिल्ह्यातलं, ऊसपट्ट्यातलं एक ग्रामीण रुग्णालय. जानेवारी महिना, गळीत हंगाम जोरात. एक्स-रे खोलीचं कुलूप निघतं. तंत्रज्ञ मशीन चालू करतो, कॅसेटी पुसून भिंतीला टेकवतो आणि छातीवर टीएलडी बॅज लावतो. त्याच्या अंगावर किती किरणं पडली ते हा बॅज टिपतो. दर तीन महिन्यांनी तो तपासायला जातो. नोकरी कंत्राटी आहे. हातात सतरा हजार येतात, त्यातले तीन हजार खोलीभाड्यात जातात.

सकाळी ९.०५
पहिली बाई मोळी घेऊन ट्रॉलीच्या फळीवरून घसरलेली. डावा हात कुशीला घट्ट धरलाय. खोकला आला की डोळ्यांत पाणी. तंत्रज्ञ आधी विचारतो, "मावशी, पाळी कधी आली होती?" हा प्रश्न तो वयातल्या प्रत्येक बाईला विचारतो. मग मंगळसूत्र काढायला लावतो, हनुवटी वर, छाती कॅसेटला, खांदे पुढे. नळी सहा फुटांवर. "मोठा श्वास घ्या. धरून ठेवा."

तिला घेता येत नाही. अर्ध्यावर कळ येते आणि श्वास सुटतो.

या खोलीतलं खरं कसब इथं लागतं. अर्धवट श्वासावर फोटो काढला तर फुप्फुसं आखडलेली दिसतात, हृदय उगाच मोठं दिसतं, खालचा भाग धुरकट येतो. त्यातून नसलेला आजार दिसू शकतो. तो घाई करत नाही. "जेवढा जमेल तेवढा. पुन्हा." तिसऱ्या खेपेला तिचे खांदे वर जातात आणि त्याच क्षणी बटण दाबलं जातं. पडद्यावर तो मागच्या बरगड्या मोजतो. नऊ. चालेल.

सातवी बरगडी मोडलीय. दोन टोकं थोडी सरकलीत, म्हणून दिसली तरी. जागच्या जागी तडकलेली बरगडी फोटोत बरेचदा दिसतही नाही. फुप्फुस शाबूत आहे. पट्टा आवळून बांधू नका, असं डॉक्टर मॅडम बजावतात. दुखतं म्हणून श्वास उथळ घेतला की कफ साठतो आणि न्यूमोनियाला वाट मिळते. वेदनेच्या गोळ्या घ्यायच्या त्या मोठा श्वास घेता यावा म्हणून.

सकाळी ९.४०
कारखान्यातले एक कारकून. छातीच्या हाडालगत दुखतं, श्वास घेतला की जास्त. ओपीडीत मॅडमनी एका बोटानं दाबलं तेव्हा नेमकं तिथंच दुखलं. बरगडी आणि हाड यांच्यामधली कूर्चा सुजलेली. तरी मॅडमनी ईसीजी काढूनच पाठवलं, कारण दाबल्यावर दुखलं म्हणून हृदय सुटलं असं होत नाही. ईसीजी ठीक, फोटो साफ. कारकून खूश होऊन जातात.

सकाळी १०.२०
बीडकडचं जोडपं, ऊसतोडीला आलेलं. नवरा पस्तिशीचा, बायकोच्या हातात केसपेपर. तीच बोलते. "बारा दिस झाले. उजव्या कुशीत उसण भरली व्हती. श्वास घ्यायचा म्हटलं की सुरी खुपसल्यावानी. म्या तेल चोळलं, विटेनं शेकलं. आता दुखायचं थांबलंय बगा. पण मोळी घेऊन दहा पावलं गेलं की धापतोय."

रोज संध्याकाळी कणकण असते, हे विचारल्यावर कळतं.

तोडणीचा दर टनाला ३६६ रुपये. दोघांच्या कोयत्याला दिवसाला दीड-दोन टन. आज त्यातलं काही नाही, वर खाड्याचे, म्हणजे कामाला न गेल्याच्या दंडाचे, पाचशे मुकादम आगाऊ दिलेल्या उचलीत धरणार. फाट्यापर्यंत वडापचे दोघांचे साठ गेले. इथं पैसे लागत नाहीत. राज्याच्या आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत १५ ऑगस्ट २०२३ पासून तपासणी आणि उपचार मोफत आहेत. बाहेर हाच फोटो साडेतीनशेला पडला असता.

हा माणूस श्वास सहज धरतो. कळ नाही ना. फोटो पडद्यावर येतो आणि तंत्रज्ञ खुर्ची मागं सारतो. उजव्या छातीचा खालचा अर्धा भाग पांढरा, वरची कड बगलेकडं चढत गेलेली. पाणी आहे.

फुप्फुसाला स्वतःला वेदना कळत नाही. ती कळते त्यावरच्या आवरणाच्या बाहेरच्या पदराला. आवरणाला सूज आली की त्याचे दोन पदर दर श्वासाला एकमेकांवर घासतात. ती त्याची सुरी. पुढं पदरांच्या मध्ये पाणी भरलं. पदर एकमेकांपासून सुटले, घासणं थांबलं, दुखणंही थांबलं. आजार मात्र वाढत होता. दुखत नाही तर दवाखाना कशाला, असं मुकादम म्हणाला होता. दुसरं कुणीही हेच म्हणालं असतं. बायकोनं धापेकडं लक्ष दिलं, म्हणून तो आज इथं आहे.

सकाळी ११.३५
बाळंतीण. सिझरला बारा दिवस झालेले. सासूच्या हातात बाळ. पहाटेपासून श्वास घेतला की डाव्या बाजूला टोचतंय. व्हीलचेअरवरून कॅसेटपाशी उभी करायला दोघं लागतात. बोटाला लावलेल्या यंत्रावर ऑक्सिजन ९१, नाडी १२४.

फोटो स्वच्छ येतो. दीर दारातूनच विचारतो, "काही नाही ना?"

मॅडम पडद्यापुढं उभ्या राहून पाहतात, मग वाकून तिचा परकर घोट्यावर सारतात. डावी पोटरी उजवीपेक्षा जाड. दाबल्यावर ती कळवळते. "फोटोत काही नाही आणि तरी ऑक्सिजन एवढा कमी, म्हणूनच मला काळजी वाटतेय," मॅडम म्हणतात. पायाच्या शिरेत झालेली गुठळी सुटून फुप्फुसाच्या रक्तवाहिनीत अडकली असावी. बाळंतपणानंतर, मोठ्या ऑपरेशननंतर, हाड मोडून बरेच दिवस पडून राहिल्यावर हे होतं. साध्या फोटोत ते बहुतेक वेळा दिसत नाही. शिरेत औषध सोडून सीटी स्कॅन करावं लागतं, आणि ते सांगलीला. ऑक्सिजन लागतो, १०८ ला फोन जातो.

दीर अजून हातातल्या रिपोर्टकडं बघतोय. सगळं चांगलं लिहून आलेलं असताना दवाखाना घाई का करतो, हे त्याच्या डोक्यात शिरत नाही. मॅडम पुन्हा सांगतात, पहिल्याइतक्याच शांतपणे. मला त्या दोन मिनिटांचं मोल सीटी मशीनइतकंच वाटलं. न पटलेला नातेवाईक गाडीत बसवत नाही, घरी नेतो.

दुपारी १२.०५
गाडी सुटते. बाळ सासूकडंच.

दुपारी १.३०
डबा. चपाती, मेथी, ठेचा. नोंदवहीत आज सव्वीस फोटो, त्यात छातीचे अकरा.

दुपारी ४.१०
वॉर्डात सकाळचा ऊसतोडीवाला टेबलावर हात टेकून, पाठ वाकवून बसलाय. मॅडम पाठीवर बोटांनी ठोकत खाली येतात. आवाज बदलतो, बद्द होतो, तिथं खूण. भूल देऊन सुई खालच्या बरगडीच्या वरच्या काठाला लागून आत जाते, कारण मज्जातंतू आणि रक्तवाहिन्या बरगडीच्या खालच्या काठानं जातात. सिरिंजमध्ये गवताच्या रंगाचं पाणी येतं. तपासण्यापुरतं काढून बाटल्या भरल्या जातात. बायको तोंडाला पदर लावून बाटल्याच बघते.

"टीबीचं वाटतंय," मॅडम सांगतात. "परवा रिपोर्ट येईल. तसं निघालं तर गोळ्या सहा महिने. फुकट मिळतात. खाण्यासाठी महिन्याला हजार रुपये खात्यावर येतात."

"परवा कसं यावं?" बायको म्हणते. "उद्या फड बदलतोय. अन् पाडव्याला आमी गावाकडं."

सायंकाळी ५.१५
टीबीच्या कामावरचा कर्मचारी वही उघडतो. पत्ता? बायको कोपीचा, शेतातल्या झोपडीचा, पत्ता सांगते, म्हणजे शेतमालकाचं नाव. तो गावही विचारतो, तालुका विचारतो, तिथल्या जवळच्या आरोग्य केंद्राचं नाव लिहितो. गावी गेल्यावर गोळ्या तिथं चालू राहतील. आपला नंबर तो तिच्या मोबाइलमध्ये स्वतः घालून देतो. मग मुकादमाचा नंबर मागतो. ती नवऱ्याकडं बघते. नवरा मान हलवतो.

फोन मॅडम घेतात. "पेशंट आज इथंच राहील. मोळी उचलायची नाही, मी सांगेपर्यंत. हो, कागदावर लिहून देते." पलीकडून बराच वेळ बोलणं चालतं. "खाड्याचं तुम्ही बघा," त्या म्हणतात, "आणि त्यांच्या कोपीत जेवढी माणसं राहतात, लेकरं धरून, सगळ्यांना परवा तपासायला घेऊन या."