ढोलकी हवी की ऑक्टोपॅड? तमाशाच्या चाहत्यांचं भांडण नेमकं कशावरून आहे

चैत्र लागला की नाशिक जिल्ह्यात गावोगावच्या जत्रा सुरू होतात. मुंबई-आग्रा महामार्गावरचं चांदवड रेणुकामातेमुळे सगळ्यांना माहीत आहे, पण तालुक्यातल्या लहान गावांनाही आपापलं दैवत असतं आणि आपापली जत्रा असते. जत्रा म्हटलं की रात्री तमाशा आलाच. दुपारी ट्रक येतात, रिकाम्या वावरात स्टेज उभं राहतं, स्पीकरच्या भिंती लागतात.

पहिली थाप पडायच्या आधीच प्रेक्षकांचे दोन गट पडलेले असतात. पुढे पोरं, हातात मोबाईल, व्हिडिओ काढायच्या तयारीत. मागे वयस्कर मंडळी, घोंगडी अंथरून निवांत. पुढच्यांना यंदाचं हिट गाणं हवं असतं, मागचे वगाची वाट बघत असतात. गाण्यांना तास-दीड तास झाला की मागून कुरकुर सुरू होते, हा तमाशा आहे का ऑर्केस्ट्रा? आणि वग सुरू झाला की पुढची अर्धी पोरं उठून पाळण्यांकडे निघतात.

हे भांडण आजचं नाही. पण तमाशाच्या क्लिपा मोबाईलवर फिरायला लागल्यापासून ते जत्रेपुरतं राहिलेलं नाही. गौतमी पाटील यांच्या कार्यक्रमांवरून काही वर्षांपूर्वी जो गदारोळ झाला, त्यातही एक प्रश्न हाच होता: हिला लावणी म्हणायचं का? तो वाद स्टेज शोचा होता, फडाचा नाही. फडाचं प्रकरण याहून जुनं आणि जास्त गुंतागुंतीचं आहे.

आधी फड म्हणजे काय ते बघू, कारण इथेच बरेच जण गोंधळतात. तमाशाचे ढोबळमानाने दोन प्रकार. एक संगीत बारी, म्हणजे गाणाऱ्या-नाचणाऱ्या कलावंतिणींचा संच. पुणे-अहिल्यानगर पट्ट्यातल्या कला केंद्रांमध्ये दिसते ती ही. दुसरा ढोलकी फड, म्हणजे गावोगाव फिरणारा मोठा ताफा. स्वतःचे ट्रक, स्वतःचं स्टेज, स्वतःचा स्वयंपाकी. मोठ्या फडात शंभराच्या आसपास माणसं असतात. दसऱ्याला बाहेर पडलेला फड थेट वैशाखात घरी परततो. टूरवर निघालेल्या रॉक बँडचं आयुष्य याहून फार वेगळं नसतं, फक्त इथे मुक्काम वावरात असतो.

जुन्या फडाचा क्रम ठरलेला. आधी ढोलकी आणि हलगीची सलामी, मग गणपतीचा गण, मग कृष्ण, पेंद्या आणि मावशीची गवळण, मग सोंगाड्याची बतावणी आणि शेवटी वग, म्हणजे राजाची, दरोडेखोराची नाहीतर पुराणातली लांबलचक गोष्ट. वाद्यं मोजकीच: ढोलकी, हलगी, तुणतुणं, झांज. मागे उभे राहून सूर धरणारे ते सुरत्ये. वग रंगला की पहाट व्हायची. मागे बसलेल्या मंडळींच्या डोक्यात तमाशा म्हणजे ही पहाट.

आता त्याच स्टेजवर कीबोर्ड असतो, ऑक्टोपॅड असतो, बऱ्याच फडांत ड्रमसेटही असतो. ढोलकी गेलेली नाही, पण तिच्या वाट्याची बरीच कामं ऑक्टोपॅडने घेतली आहेत. गण-गवळण थोडक्यात आटोपते आणि मग हिंदी-मराठी सिनेमातल्या गाण्यांचा मोठा भाग सुरू होतो. त्यानंतर जो वेळ उरेल तो वगाचा.

मग फडमालकांनी हे केलं कशासाठी? ‘पैशासाठी’ हे सोपं उत्तर झालं. ते खोटं नाही, पण पैसा येतो कुठून हे बघितल्याशिवाय त्याचा उलगडा होत नाही.

फडाची कमाई दोन वाटांनी होते. एक सुपारी: गावची जत्रा कमिटी वर्गणी गोळा करते आणि ठरावीक रकमेला खेळ ठरवते. पुणे जिल्ह्यातल्या नारायणगावात पाडव्याच्या सुमाराला फडांच्या राहुट्या लागतात आणि दूरदूरच्या गावांचे पुढारी तिथे येऊन तारखा घेऊन जातात. दुसरी वाट तंबूची: कनात लावायची, तिकीट लावायचं, गल्ला जमेल तो आपला. सुपारीचा खेळ कमिटीला आवडावा लागतो आणि कमिटीत आता तिशी-चाळिशीतली मंडळी असतात. तंबूच्या खेळात तिकीट काढून आत येणारा गडी बहुतेक तरुणच. वगासाठी जीव टाकणारे आजोबा कमिटीतही नाहीत आणि तिकिटाच्या खिडकीवरही क्वचितच. म्हणजे ज्यांना जुना तमाशा हवा आहे, त्यांच्या हातात त्याची सुपारी देणं राहिलेलं नाही.

दुसरं कारण घड्याळाचं. भांडणात ते सहसा कुणी काढत नाही, आणि खरं तर तेच सगळ्यात वजनदार आहे. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार रात्री १० ते सकाळी ६ या वेळात उघड्यावर लाऊडस्पीकर लावता येत नाही. २००५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने या नियमाची कडक अंमलबजावणी करायला सांगितलं. वर्षातले जास्तीत जास्त १५ दिवस सरकारला मध्यरात्रीपर्यंत सूट देता येते, पण ते दिवस आधी जाहीर करावे लागतात. प्रत्येक गावच्या जत्रेची तिथी वेगळी, ती त्या यादीत बसेलच असं नाही. पोलीस किती ताणतात हे गावागावावर अवलंबून. पण पहाटेपर्यंत चालणारा खेळ कागदावर तरी संपला.

आता हिशेब करा. जेवणं उरकून माणसं जमायलाच आठ-साडेआठ वाजतात. हातात दीड-दोन तास. तीन तासांचा वग, गण-गवळण, बतावणी आणि गाणी एवढ्यात बसत नाहीत. काहीतरी कापावं लागतं. गाणी पाच-पाच मिनिटांचे तुकडे असतात, कुठूनही उचलता येतात, कुठेही थांबवता येतात. वग तसा तोडता येत नाही. अर्ध्यात थांबवलेली गोष्ट म्हणजे प्रेक्षकांचा शिव्याशाप. त्यामुळे कात्री वगावर चालली आणि सगळा दोष ऑक्टोपॅडच्या माथी आला.

तिसरं कारण सिनेमाचं, आणि यात एक गंमत आहे. सिनेमाची गाणी तमाशात घुसली अशी तक्रार होते, पण त्याआधी तमाशा सिनेमात गेला होता. ‘लोकशाहीर राम जोशी’ १९४७ साली आला, ‘सांगत्ये ऐका’ १९५९ साली, ‘पिंजरा’ १९७२ साली. या सिनेमांनी फडावरची लावणी, ढोलकी आणि सोंगाड्या उचलून थिएटरात नेले आणि तुफान चालले. मग लोक फडावर येऊन सिनेमात ऐकलेली लावणी मागू लागले. एका बाजूने दिलेलं दुसऱ्या बाजूने चकचकीत होऊन परत आलं, ते नाकारणार कसं?

मागे बसणाऱ्यांच्या बाजूनेही एक गोष्ट नीट समजून घ्यायला हवी. त्यांना ‘जुनाट’ म्हणून सोडून देणं सोपं आहे. पण त्यांची तक्रार आवाजाबद्दल कमी आणि ओळखीबद्दल जास्त आहे. सिनेमातलं गाणं कुठलाही ऑर्केस्ट्रा वाजवेल, लग्नातला डीजेही वाजवेल. वग मात्र फक्त फडच करू शकतो. तोच गेला तर फडाला फड का म्हणायचं?

अर्थात ‘मूळ तमाशा’ दाखवा म्हटलं की पंचाईत होते. पेशवाईच्या उत्तरकाळातल्या होनाजी बाळाने लावणी शास्त्रीय रागांकडे नेली आणि ढोलकीच्या जागी तबला आणला असं सांगितलं जातं. आज बैठकीची लावणी म्हणून जिचं कौतुक होतं, ती अशी वाद्य बदलून घडली आहे. आणि ज्या वगासाठी आज जीव तुटतो, तोही पहिल्यापासून नव्हता. सांगली भागातल्या सावळजच्या उमा-बाबूंचा १८६५ सालचा ‘मोहना-बटाव’ हा पहिला वग मानला जातो. त्याआधी तमाशा होता, वग नव्हता. पुढे स्वातंत्र्यानंतर मुंबई सरकारने तमाशावर बंदी घातली, मग अटी घालून ती उठवली. मंडळांनी ‘लोकनाट्य’ असं नाव लावलं, संहिता तपासून घ्याव्या लागल्या. आजही फडांच्या बोर्डावर ‘लोकनाट्य तमाशा मंडळ’ असं लिहिलेलं दिसतं, ते त्या काळातून आलेलं.

वाद्य बदललं म्हणून चाहते चिडणं हे काही आपल्याकडचंच खूळ नाही. २५ जुलै १९६५ रोजी अमेरिकेत न्यूपोर्टच्या लोकसंगीत महोत्सवात बॉब डिलन इलेक्ट्रिक गिटार घेऊन स्टेजवर आला आणि समोरून हुर्यो झाली. ती गिटारवर होती, खराब साउंडवर होती की कार्यक्रम लवकर आटोपल्यावर, यावर आजही वाद आहेत. पुढच्या वर्षी मँचेस्टरमध्ये एका श्रोत्याने त्याला भर कार्यक्रमात ‘जुडास’ म्हटलं, म्हणजे येशूला पकडून देणारा दगाबाज. मेटालिकाने १९९६ मध्ये ‘लोड’ हा अल्बम काढला, तेव्हा जुने चाहते संगीतावर तर चिडलेच, पण केस कापले म्हणूनही चिडले.

पण डिलन आणि मेटालिका यांच्याकडे एक सोय होती. नवीन आवडलं नाही तर जुनी रेकॉर्ड घरी लावता येत होती. जुन्या फडांचं तसं नाही. पुष्कळ वग लिहूनच ठेवलेले नव्हते, ते नटांच्या तोंडी होते. संवाद आयत्या वेळी रचायचे, गावातल्या घडामोडी त्यात घालायच्या, समोरच्याने टाकलेला शब्द झेलायचा. सोंगाड्याने दोन-चार हंगाम वग केला नाही की ही हातोटी पुढच्या पोराकडे जात नाही. गाण्यांना नाचणारी मंडळी मिळतात. रात्रभर वग ओढून नेणारा सोंगाड्या मिळणं कठीण होत चाललंय, ही फडमालकांचीच तक्रार आहे.

काही फड त्यातून वाट काढतात. गाणी आधी, वग नंतर, पण वग तासाभराचा आणि विषय आजचा: दारू, हुंडा, शेतकऱ्याचं कर्ज. मागचे म्हणतात हा वग नव्हे, पुढचे म्हणतात हा चालेल. आणि खेळाच्या सुरुवातीला ढोलकी आणि हलगीची जुगलबंदी अजून लागते. हलगीवाला एक तुकडा टाकतो, ढोलकीवाला तो झेलून दुप्पट करून परत देतो. कीबोर्ड तेवढा वेळ गप्प असतो. घोंगडीवरचे म्हातारे पुढे सरकतात, आणि शिट्ट्या पुढून येतात.